बोगनवेलीचा बोन्साय: मराठवाड्याच्या उन्हात झाडाला आकार आणि बहार कसा द्यावा

घरी फुलणारा बोन्साय असावा या हौसेने जो कोणी बोगनवेल आणतो, त्याची पहिली तक्रार तीन-चार महिन्यांत ठरलेली असते. झाड हिरवेगार आहे, फांद्या हातभर वाढतात, पण फूल मात्र येत नाही. माझीही तीच तक्रार होती. जालन्याजवळ मोसंबीची बाग असलेले माझे मामा एकदा घरी आले असता मी त्यांना गच्चीवरची कुंडी दाखवली. त्यांनी कुंडीतली माती चिमटीत चोळून पाहिली आणि विचारले, "रोज पाणी पाजतोस का रे याला?" मी अभिमानाने हो म्हणालो. "मग ते कशाला फुलेल?" एवढे बोलून ते चहाला खाली उतरले.

मोसंबीच्या बागेत बहार धरताना काय करतात, हे आपल्याकडे शेतीशी दुरूनही संबंध असलेल्या माणसाला ठाऊक असते. हलक्या जमिनीत महिना-दीड महिना आणि भारी जमिनीत दीड-दोन महिने पाणी तोडून झाडाला ताण दिला जातो, पाने पिवळी पडून काही प्रमाणात गळू लागतात, आणि मग हलक्या पाण्याने सुरुवात करून पाणी हळूहळू वाढवले की झाड फुलोऱ्यावर येते. बोगनवेलीचा बोन्साय फुलवण्याची रीत मुळात हीच आहे. फरक इतकाच, की शेतात जे महिन्या-दीड महिन्याने घडते ते वीतभर खोलीच्या कुंडीत काही दिवसांत घडते, त्यामुळे ताण आणि मरण यांमधले अंतरही तितकेच कमी असते.

दुसरी गोष्ट मला बरीच उशिरा उमगली. बोन्सायला आकार देण्याचे काम आणि त्याला फुलवण्याचे काम ही दोन्ही एकमेकांच्या आड येतात. बोगनवेल नव्या फुटव्यांवर फुलते, आणि आकार राखण्यासाठी आपण जे छाटतो ते नेमके हे नवे फुटवेच असतात. जो वर्षभर कात्री चालवत राहतो त्याला सुबक झाड मिळते पण फूल मिळत नाही, आणि जो कात्री लावतच नाही त्याला फुले मिळतात पण दोन वर्षांत बोन्सायचे पुन्हा झुडूप होते. यावर उपाय एकच, तो म्हणजे वर्षाचे महिने वाटून घेणे. पुढचे सगळे विवेचन या वाटणीच्या आधाराने केले आहे.

झाडाची निवड

फुलणाऱ्या बोन्सायसाठी मधुकामिनी, डाळिंब आणि अडेनियम हेही चांगले पर्याय आहेत. मधुकामिनी ही मोसंबीच्याच कुळातली असल्यामुळे तिला आपल्याकडचे चुनखडीचे, क्षारयुक्त पाणी मानवत नाही आणि तिची पाने लवकर पिवळी पडतात. अडेनियमला फुगीर बुंधा आपोआप मिळतो, मात्र त्याला बारीक फांद्यांची घडण आणणे कष्टाचे असते. डाळिंब उत्तम आहे, पण ते धीर मागते. नवशिक्याच्या हातून ज्या चुका होणारच, त्या पचवण्याची ताकद बोगनवेलीइतकी दुसऱ्या कोणत्या फुलझाडात मी पाहिलेली नाही. मूळची दक्षिण अमेरिकेतली आणि १७६६ ते १७६९ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव मिरवणारी ही वेल आपल्या कोरड्या हवेत आणि कडक उन्हात इथलीच असल्यासारखी रुळली आहे. महामार्गाच्या दुभाजकांत, कोणी लक्ष देत नसताना, ती भर एप्रिलमध्ये फुललेली दिसते, हाच तिच्या स्वभावाचा पुरेसा पुरावा आहे.

आपण ज्याला तिचे फूल म्हणतो ती खरे तर रंगीत सहपत्रे, म्हणजे फुलाला लागून येणारी पाने असतात. तीन कागदी सहपत्रांच्या मध्ये प्रत्येकी एक अशी तीन बारीक, नळीसारखी, पांढरट फुले असतात, तीच तिची खरी फुले. तिचा काटा आणि तिचा फुलोरा हे दोन्ही पानाच्या बगलेत एकाच प्रकारच्या अंकुरातून तयार होतात. झाड पाला वाढवण्याच्या नादात असेल तर त्या अंकुराचा काटा होतो, आणि फुलण्याच्या मनःस्थितीत असेल तर फुलोरा. लांबलचक फांद्यांवर काटेच काटे दिसू लागले, की पाणी आणि खत जरा जास्त झाले आहे असे मी समजतो.

रोपवाटिकेत गेल्यावर आधी रंगाकडे पाहू नये. पिशवीतली वरची माती बोटाने थोडी बाजूला सारून बुंधा पाहावा, कारण बोन्सायचे सगळे रूप बुंध्यावर उभे असते आणि रंग कसा आहे हे फुले आल्यावर कळतेच. बुंधा खाली जाड आणि वर निमुळता होत गेलेला असावा, त्याला जमिनीलगत कुठेतरी वाक असावा, आणि पहिली फांदी शक्य तितकी खाली असावी. एकाच झाडावर चार-पाच रंग दिसणारी कलमी बोगनवेल मोहात पाडते, पण ती घेऊ नये, कारण कलमाच्या सांध्यांच्या गाठी बुंध्यावर कायम दिसत राहतात आणि काही दिवसांनी जोमदार रंग बाकीच्यांना दाबून टाकतो. फाट्यावर, म्हणजे छाट कलमावर, वाढवलेले एकरंगी रोप घ्यावे. गुळगुळीत पानांची, तुलनेने लहान पानांची ग्लाब्रा जातीची बोगनवेल नवशिक्याला सर्वांत सोयीची ठरते. बोन्साय केल्यावर पाने लहान होत जातात, पण फुलांचा आकार फारसा घटत नाही, हे लक्षात ठेवून मोठ्या सहपत्रांचे वाण टाळावेत. एका झाडावर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही सहपत्रे देणारे मेरी पामर किंवा चितकबऱ्या पानांचे थिम्मा हे वाण देखणे आहेत. दुहेरी सहपत्रांच्या ‘महारा’ या वाणाचे घोस मात्र सुकल्यावरही फांदीला चिकटून राहतात, आणि लहान झाडावर ते झाडणीसारखे दिसतात.

रोपापेक्षा सरस माल फुकट मिळण्याची एक वाट आहे. जुने बंगले पाडले जातात, रस्ते रुंद होतात, तेव्हा कुंपणावरच्या वीस-पंचवीस वर्षांच्या बोगनवेली जेसीबीखाली जातात. घरमालकाला किंवा मुकादमाला विचारून असा एखादा बुंधा घ्यावा, तो हातभर उंचीवर कापावा, जाड मुळे वीतभर ठेवून बाकीची कापावीत आणि पावसाळ्याच्या तोंडावर विटांचा चुरा आणि जाड वाळू भरलेल्या खोल कुंडीत बसवावा. पाने नसलेला, मनगटाएवढा बुंधाही अशा रीतीने मुळे धरतो. त्याला सावलीत ठेवावे आणि वरून प्लॅस्टिकची पिशवी सैल घालावी. फुटवे आले म्हणून लगेच आनंद मानू नये, कारण पहिले फुटवे बुंध्यातल्या साठवणीवर येतात. दुसऱ्यांदा फुटवे निघून ते टिकले, की मग मुळे धरली असे समजावे.

माती, म्हणजे खरे तर माती नव्हे

माझे पहिले झाड मेले ते काळ्या मातीमुळे. शेतातली कसदार माती आणून मी ती उथळ ट्रेमध्ये भरली होती, आणि ज्या मातीत कापूस छातीला लागतो तिच्यात एक छोटे झाड जगणार नाही ही शंकाही मनात आली नव्हती. काळ्या मातीत चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. ती भिजली की फुगते आणि मुळांभोवतीची हवा संपते, वाळली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते, मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. शेतात खोली असते म्हणून हे चालते. चार इंच खोलीच्या ट्रेमध्ये मात्र मूळ एक तर कुजते किंवा तहानेने मरते. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ओल आहे आणि हवाही आहे अशी स्थिती, ती कुंडीत पाणी दिल्यानंतर तासाभरात यायला हवी. त्यासाठी मिश्रण दाणेदार असावे लागते.

मी दोन भाग विटांचा चुरा, एक भाग जाड वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत घेतो, आणि एका मध्यम कुंडीला मूठभर निंबोळी पेंड मिसळतो. विटांचा चुरा चांगल्या भाजलेल्या विटेचा असावा. वीटभट्टीवर तुटक्या विटांचा ढीग असतोच, पण त्यातली कच्ची वीट पाण्यात विरघळून पुन्हा चिखल होते. म्हणून दोन-चार तुकडे रात्रभर पाण्यात भिजत घालून सकाळी बोटांनी दाबून पाहावेत, आणि विरघळले तर ती वीट टाकून द्यावी. चुरा दोन चाळण्यांतून काढावा: मोठ्या चाळणीवर राहणारे जाड तुकडे कुंडीच्या तळाशी घालावेत, बारीक चाळणीतून पडणारी धूळ फेकून द्यावी, आणि मधले, साधारण ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे दाणे वापरावेत. धूळ फेकण्याचा कंटाळा केला तर बाकीचा सगळा खटाटोप वाया जातो, कारण तीच धूळ सहा महिन्यांत तळाशी बसून छिद्रे बुजवते.

पहिले दोन पावसाळे

रोप आणल्याबरोबर त्याला उथळ बोन्साय ट्रेमध्ये बसवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. उथळ भांड्यात मुळे आवळली गेली की बुंधा जाड होणे जवळजवळ थांबते, त्यामुळे बोटभर बुंध्याचे झाड वर्षानुवर्षे बोटभरच राहते. पहिली दोन वर्षे झाडाला आठ-दहा इंचांच्या साध्या कुंडीत वाढू द्यावे. खाली एक-दोन फांद्या मुद्दाम मोकाट सोडाव्यात, कारण जितका पाला जास्त तितका त्या खालचा बुंधा भरतो. त्या फांद्यांचे काम झाले की त्या कापून टाकायच्या असतात.

कुंडी बदलण्याची आपल्याकडची उत्तम वेळ म्हणजे मृगाचा पाऊस पडून हवेत ओलावा आल्यानंतरचे तीन-चार आठवडे. मार्च-एप्रिलमध्ये हा उद्योग करू नये. बोगनवेलीची मुळे बारीक आणि ठिसूळ असतात, आणि इतर बोन्साय झाडांची मुळे काट्याने विंचरून मोकळी करतात तशी हिची केली तर झाड हमखास आजारी पडते. प्लॅस्टिकची पिशवी ब्लेडने उभी चिरून काढावी, रोप बुंधा धरून ओढू नये, मुळांच्या गोळ्याचा तळाकडचा सुमारे एक तृतीयांश भाग धारदार सुरीने एका दमात कापावा, आणि बाजूची गुंडाळलेली मुळे तेवढी छाटावीत. कुंडीच्या छिद्रांवर डासांच्या जाळीचा तुकडा ठेवावा, छिद्रातून तार वर घेऊन तिने मुळांचा गोळा कुंडीला घट्ट बांधावा, मग दाणेदार मिश्रण ओतून बांबूच्या काडीने मुळांमधल्या पोकळ्या भराव्यात. तारेने बांधणे अनेकांना अनावश्यक वाटते, पण वाऱ्याने झाड हलत राहिले तर नवी, केसासारखी मुळे रोज तुटतात आणि झाड का धरत नाही हे कळत नाही. त्यानंतर दोन आठवडे झाड उजेडाच्या पण थेट उन्हाच्या नव्हे अशा जागी ठेवावे.

दोन पावसाळ्यांनंतर, बुंधा अंगठ्यापेक्षा जाड झाला म्हणजे, बोन्सायच्या भांड्याचा विचार करावा. भांड्याची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी असावी असा संकेत आहे. मात्र फुलणाऱ्या झाडाला भांडे थोडे खोलच घ्यावे, आणि मराठवाड्यातल्या मे महिन्याचा विचार करता मी तर संकेताच्या दीडपट खोली ठेवतो. शोभा थोडी उणावते, पण दुपारी एखादे पाणी चुकले तर झाड वाचते.

आकार देणे

कात्री हातात घेण्यापूर्वी कुंडी डोळ्यांच्या पातळीवर ठेवून चारही बाजूंनी पाहावी आणि झाडाची समोरची बाजू ठरवावी. ज्या बाजूने बुंध्याचा पाया पसरट दिसतो, पृष्ठभागावरची मुळे मोकळी दिसतात आणि पहिला वाक नजरेत भरतो ती समोरची बाजू. बोगनवेल मुळात वेल आहे, म्हणून तिला सरळसोट ताठ आकार शोभत नाही. नागमोडी बुंध्याचा उभा आकार, ज्याला जपानी परंपरेत मोयोगी म्हणतात, तो तिला सहज येतो. कुंडीच्या काठावरून खाली झेपावणारा केंगाई हा प्रकार तर फुलल्यावर घराच्या कठड्यावरून रंग ओतल्यासारखा दिसतो. नवशिक्याने मोयोगीने सुरुवात करावी.

इच्छित उंचीच्या साधारण एक तृतीयांशावर पहिली मुख्य फांदी धरावी आणि फांद्या बुंध्याच्या वाकाच्या बाहेरच्या अंगाला राखाव्यात. वाकाच्या आतून निघालेली फांदी, दुसरीला छेदणारी फांदी, आणि एकाच पातळीवर समोरासमोर निघालेल्या दोहोंपैकी एक, अशा फांद्या काढून टाकाव्यात. शेंडा फार उंच गेला असेल तर खालच्या एखाद्या जोमदार फांदीच्या वर बुंधाच कापावा आणि त्या फांदीला तारेने वर वळवून नवा शेंडा करावा. यामुळे बुंध्याला निमुळतेपणा येतो, आणि तो आणण्याचा याहून जलद मार्ग मला माहीत नाही.

इथे बोगनवेलीची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. तिची जाड फांदी जिथे कापावी तिथपासून ती थोडी खालपर्यंत वाळत येते, आणि लाकूड मऊ असल्यामुळे उघड्या जखमेतून पाणी शिरून ती पोकळ कुजते. म्हणून जाड फांदी एकदम बुंध्याच्या सपाटीला कापू नये. अंगठ्याच्या रुंदीइतका खुंट सोडून कापावी, चार-पाच महिन्यांनी वाळलेला भाग स्पष्ट दिसू लागला की मग तो कोरून सपाट करावा. दोन्ही वेळी जखमेवर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे बागायतदारांचे प्रमाण आहे. घरच्या दोन झाडांसाठी शंभर-शंभर ग्रॅम मोरचूद आणि चुना एक लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या भांड्यात, वेगवेगळे भिजवून एकत्र केले तरी ते भरपूर होते.

तार ॲल्युमिनियमची घ्यावी. ती तांब्याच्या तारेपेक्षा मऊ असते आणि नवशिक्याच्या चुकीला क्षमा करते. तारेची जाडी फांदीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश असावी, आणि वेढे पंचेचाळीस अंशांच्या कोनात, फांदीला लागून पण न आवळता, बुंध्याकडून टोकाकडे जावेत. बोगनवेलीची हिरवी फांदी वाकते पण बुंध्याशी असलेल्या सांध्यात चटकन निखळते, आणि पूर्ण पिकलेली फांदी वाकतच नाही, कडाडते. मधली, म्हणजे हिरवा रंग जाऊन तपकिरी छटा येऊ लागलेली फांदी तारेसाठी योग्य. तार लावण्याच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नये, फांदी किंचित मलूल असली की ती ऐकते. सांध्यावर डाव्या हाताचा अंगठा दाबून धरून उजव्या हाताने वाकवावे, आणि आधी नखे कापायच्या कटरने त्या फांदीवरचे काटे काढावेत, नाहीतर अंगठ्याचे हाल होतात.

पावसाळ्यात फांदी इतक्या वेगाने भरते, की सहा ते आठ आठवड्यांत तार सालीत रुतू लागते. मी एकदा श्रावणात लावलेली तार दिवाळीच्या साफसफाईत पाहिली, आणि त्या फांदीवर स्क्रूसारखे पिळे कायमचे उमटले होते. दर आठवड्याला पाहावे, आणि काढताना तार उलगडत न बसता वेढ्यागणिक तोडून काढावी. तारेचा धाक वाटत असेल तर सुतळीने फांदी खाली ओढून कुंडीच्या काठाला बांधणे हाही भला मार्ग आहे.

बारीक फांद्यांची जाळी मात्र तारेने नव्हे तर छाटणीने तयार होते. फुटवा सहा-सात पाने वाढला की दोन पानांवर कापावा, वरच्या डोळ्याचे, म्हणजे पानाच्या बगलेतल्या अंकुराचे, तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला पुढचा फुटवा जातो. तो वाढला की पुन्हा दोन पानांवर. एका पावसाळ्यात हे तीन-चार वेळा घडते.

वर्षाची वाटणी

मृगापासून गणपतीपर्यंतचे दिवस आकाराचे. कुंडी बदलणे, मोठी छाटणी, तार, खुडणी, सगळे याच काळात. या काळात पाणी आणि खत हात राखून देऊ नये. १९:१९:१९ हे नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात असलेले विद्राव्य खत लिटरमागे एक ग्रॅम या प्रमाणात दर पंधरा दिवसांनी द्यावे. शेवटची खुडणी सप्टेंबरच्या अखेरीस, नवरात्राच्या आसपास करावी आणि त्यानंतर कात्री अक्षरशः कुलपात ठेवावी.

पावसाने पाठ फिरवल्यावर, दसऱ्यानंतर, ताण सुरू करावा. दिवस लहान होऊ लागलेले असतात, आकाश निरभ्र असते, आणि लहान दिवस व भरपूर ऊन हे दोन्ही बोगनवेलीला फुलण्याकडे ढकलतात. नत्राचे खत पूर्ण बंद करावे. झाड सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन मिळेल अशा जागी ठेवावे. सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर बाकी सारे उपाय व्यर्थ आहेत. मग पाणी तोडावे आणि रोज सकाळी झाड पाहावे. दुपारी पाने मलूल होणे हा ताण नव्हे, ते ऊन आहे. सूर्य उगवण्याच्या वेळीही पाने लोंबलेली दिसली म्हणजे खरा ताण बसला. त्या दिवशी कपभर पाणी द्यावे, भरपूर नव्हे, आणि पुन्हा थांबावे. असे चक्र दोन ते तीन आठवडे चालवावे. काही पाने पिवळी होऊन गळतील, त्याने घाबरू नये. फांद्या सुरकुतू लागल्या तर मात्र लगेच पाणी द्यावे.

फुटव्यांच्या टोकांशी, पानांच्या बगलेत, मोहरीएवढे लालसर ठिपके दिसू लागले की ताण संपला. मोसंबीला देतात तसे पहिले पाणी हलके, दुसरे त्याहून थोडे जास्त आणि तिसऱ्यापासून नेहमीचे, या क्रमाने पाणी वाढवावे. कळ्या दिसल्यानंतर पुन्हा ताण पडला तर त्या गळून जातात, आणि ही चूक पहिल्या वर्षी जवळजवळ प्रत्येकाकडून होते. याच वेळी ०:५२:३४ हे नत्र नसलेले, स्फुरद-पालाशाचे खत लिटरमागे अर्धा ग्रॅम, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावे. त्याहून जास्त देण्याचा मोह टाळावा, कारण स्फुरद जास्त झाले की झाडाला लोह उचलता येत नाही. सगळे जमले तर मार्गशीर्षात झाड रंगते आणि संक्रांतीच्या पुढेही रंगलेले राहते.

पहिला बहार ओसरला की सुकलेले घोस त्यांच्या खालच्या दोन-तीन पानांसह कापावेत, एवढीच छाटणी करावी. नव्या फुटव्यांना तीन-चार आठवडे वाढू द्यावे आणि फेब्रुवारीच्या अखेरीस दुसरा, छोटा ताण द्यावा. तेव्हा ऊन चढलेले असल्याने उथळ कुंडीत तीन-चार दिवसच पुरतात. पाडव्याच्या सुमारास दुसरा बहार मिळतो, आणि तो बहुधा पहिल्यापेक्षा दाट असतो.

पाणी आणि मे महिना

पाण्याचा प्रश्न आपल्याकडे नुसता किती एवढाच नाही, कसले हाही आहे. बोअरचे पाणी देत राहिले की कुंडीच्या काठावर आणि बुंध्याच्या पायाशी पांढरी पुटे चढतात, पुढे नवी पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसू लागतात. ही लोहाची उणीव असते. माती अल्कधर्मी झाल्यामुळे असलेले लोह झाडाला मिळत नाही. लिटरभर पाण्यात एक ते दोन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून महिन्यातून एकदा दिल्यास फरक पडतो. मूळ उपाय मात्र पावसाचे पाणी. गच्चीवरच्या पन्हाळीखाली एक टाकी भरून ठेवली तर दोन-तीन बोन्साय झाडांची हिवाळ्याची सोय होते, आणि पावसाळ्यात कुंड्या मुक्त पावसात ठेवल्या की वर्षभराचे क्षार धुऊन निघतात. एसीतून ठिबकणारे पाणी क्षारमुक्त असल्यामुळे चालते. आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी झाडांना घालण्याची सवय अनेक घरांत आहे, पण त्या पाण्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशीसाठी ठेवावे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्याची कदर इथे कोणाला शिकवायला नको, आणि सुदैवाने एका बोन्सायला भर उन्हाळ्यातही दिवसाला लिटर-दीड लिटरपेक्षा जास्त लागत नाही.

मे महिन्यात तापमान बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जाते तेव्हा फुलांचा विचार सोडून झाड जगवावे. दुपारच्या उन्हासाठी पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट बांधावी, कुंडी तापलेल्या स्लॅबवर न ठेवता दोन विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवावी, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर न्यावी, आणि सकाळी लवकर व सूर्य मावळल्यावर असे दोनदा, तळाच्या छिद्रातून वाहेपर्यंत पाणी द्यावे. गच्चीवरच्या पाइपमध्ये अडकलेले पाणी दुपारी हात भाजेल इतके तापते, ते आधी बादलीत सोडून द्यावे. माती इतकी वाळली असेल की पाणी वरून निघून जाते, तर कुंडी दहा मिनिटे टबात बुडवून ठेवावी, बुडबुडे थांबले की काढावी.

किडींचा त्रास फार नसतो. फांद्यांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. जुन्या टूथब्रशने घासून काढावेत आणि लिटरमागे पाच मिली निंबोळी तेल, चार थेंब द्रव साबण घालून संध्याकाळी फवारावे. पानांच्या कडा रात्रीतून कुरतडलेल्या दिसल्या आणि कीड सापडली नाही, तर रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन पाहावे. फांदीसारखीच दिसणारी, कमान करून चालणारी हिरवट-तपकिरी अळी तिथे असते, आणि ती हाताने वेचली की काम संपते.

दर दोन ते तीन वर्षांनी मृगात कुंडी पुन्हा उकलावी, मुळांचा तळ छाटावा आणि मिश्रण बदलावे. त्या वर्षी दसऱ्याचा ताण अर्ध्यावर आणावा, कारण नवी मुळे अजून कोवळी असतात.